रक्तदाबाच्या गोळीची वजावट

शाहू छत्रपतींनी १८९५ साली वसविलेल्या आमच्या कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाचा व्यवहार ज्या काळी ऐन भरात होता, त्या काळी शेतकऱ्याच्या हाती अडत्याने जी हिशेबपट्टी द्यावयाची तीत रव्यांची संख्या, वजन आणि दर एवढेच लिहून भागत नसे. अडत, हमाली, तोलाई अशी जी जी वजावट झाली असेल तिचा तपशीलही त्याच कागदावर उतरवावा लागे. वजावट आहे म्हणून कोणी गूळ विकावयाचे थांबला नाही. परंतु ती लपविली गेल्याचे एकदा ध्यानात आले, की तो शेतकरी त्या पेढीची पायरी पुन्हा चढत नसे. उच्च रक्तदाबाच्या औषधांविषयी मला जे म्हणावयाचे आहे ते थोडक्यात असे, की या औषधांनाही वजावट आहे, ती बहुतेकांच्या बाबतीत सोसण्याजोगी आहे, आणि तरीही आपल्याकडे असंख्य माणसे उपचार अर्ध्यावर टाकून देतात याचे एक मोठे कारण हे, की ती वजावट त्यांना आधी, त्यांच्या भाषेत, कोणी सांगितलेली नसते.

आमच्या पेठेत हा प्रकार कसा घडतो ते पाहण्यासारखे आहे. पन्नाशी ओलांडलेला एखादा दुकानदार दात काढण्याच्या किंवा मोतीबिंदूच्या निमित्ताने दवाखान्यात जातो, आणि ज्याच्यापायी त्याला आजवर कसलाही त्रास झालेला नाही असा रक्तदाब वरचा १७० व खालचा १०० निघतो. गोळी सुरू होते. दोनतीन महिन्यांनी सायंकाळी दुकान बंद करताना पायातील चप्पल घट्ट होऊ लागते, घोट्यावर बोट दाबले असता खळगा पडतो, आणि घरी कोणीतरी म्हणते, की पाय सुजणे म्हणजे किडनी गेली. भयभीत झालेला हा गृहस्थ डॉक्टरांकडे न जाता गोळीच बंद करतो, आणि आश्चर्य असे, की सूज उतरते. त्याच्या दृष्टीने खटल्याचा निकाल लागला. ‘गोळी घेतली की पाय सुजत्यात, म्हनून दिली सोडून,’ हे वाक्य तो शेजाऱ्याला सांगतो, मेव्हण्याला सांगतो, कट्ट्यावर बसून सर्वांना सांगतो. सांगत नाही तो फक्त ज्याने गोळी दिली त्या वैद्याला. पुढच्या खेपेस ‘गोळ्या चालू आहेत ना?’ या प्रश्नाला तो भिडेपोटी मान हलवितो, यंत्र १७५ दाखविते, आणि पहिली गोळी अपुरी पडली अशा प्रामाणिक समजुतीने डॉक्टर दुसरी वाढवून देतात. वर्षभराने मुलाच्या आग्रहाने तो दोन्ही गोळ्या एकदम घेऊ लागतो, सकाळी अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडतो, आणि औषध घातक असते या त्याच्या मतावर कायमचे शिक्कामोर्तब होते. या सगळ्या कैफियतीत दुष्ट असा कोणीच नाही. जे बोलणे पहिल्या दिवशी व्हावयास हवे होते ते कधीच झाले नाही, एवढेच.

आणि सोसूनही औषध का घ्यावयाचे, हेही त्याला कोणी नीट सांगितलेले नसते. हृदय आकुंचन पावते त्या क्षणी रोहिणीच्या भिंतींवर पडणारा दाब तो वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांमधील विसाव्यात उरणारा तो खालचा. हा दाब वर्षानुवर्षे चढा राहिला, की भिंती जाड व ताठर होतात, मेंदूतील बारीक वाहिन्या फुटतात किंवा बुजतात, मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्या एकेक करून निकामी होतात, नेत्रपटलात रक्तस्राव होतो, आणि हृदयाचा स्नायू भाराखाली आधी जाड होऊन पुढे थकतो. या सर्व काळात रुग्णाला बहुधा काहीही जाणवत नाही. डोके दुखले तर दाब आणि न दुखले तर नाही, ही समजूत अत्यंत घातक आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के व स्त्रियांपैकी २१ टक्के लोकांचा दाब वाढलेला आढळला, अथवा ते त्यासाठी औषध घेत होते. एवढ्या लोकांना एक न जाणवणारा विकार आणि एक जाणवणारे औषध यांत निवड करावयास आपण सांगत असतो; ती निवड कोणत्या बाजूला झुकेल याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

औषध नव्हते तेव्हा काय होत असे, हे आजच्या पिढीला ठाऊक नाही. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६ व १०८ भरला. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या परिषदेच्या सुमारास तो २६० व १५० होता. आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते कोसळले तेव्हा ३०० व १९०. पृथ्वीवरील सर्वांत बलाढ्य पुरुषाच्या दिमतीला उत्तमोत्तम वैद्य होते. परंतु त्या वैद्यांच्या हाती अळणी जेवण, विश्रांती, झोपेचे औषध आणि डिजिटॅलिस यांपलीकडे फारसे काही नव्हते.

यानंतर अवघ्या चार वर्षांनी जे घडले ते आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर घडले, आणि त्याचा आपल्याला पडलेला विसर मला खरोखर लाजिरवाणा वाटतो. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या देशात उन्मादावर व अनिद्रेवर पूर्वापार दिली जात असे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ती उन्मादाप्रमाणेच वाढलेल्या रक्तदाबावरही उपयोगी असल्याचे प्रसिद्ध केले होते. परंतु मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरील आपला अनुभव १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये शिस्तीने मांडला, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यक जागे झाले. १९५२ मध्ये बाझल येथील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले, आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी माजी सैनिकांच्या रुग्णालयांत जी ऐतिहासिक चाचणी झाली, आणि जिचे निष्कर्ष १९६७ साली प्रसिद्ध झाले, तीत वापरलेल्या तीन औषधांपैकी एक हेच रेसर्पिन होते. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. त्यांपैकी निव्वळ निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७० जणांत गंभीर आघाताच्या २७ घटना घडल्या, तर खरे औषध घेणाऱ्या ७३ जणांत केवळ दोन. औषधाने नुसता आकडा उतरत नाही, माणूस वाचतो, हे त्या दिवशी निर्विवाद सिद्ध झाले.

या गौरवगाथेचा दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. सर्पगंधेने नाक चोंदते, सुस्ती येते, जुलाब होतात, हे लौकरच ध्यानात आले. पण मोठ्या मात्रेत ती घेणाऱ्या काही रुग्णांना खोल विषण्णता ग्रासते, त्यांची झोप उडते, जगण्यातील रस संपतो, हे ध्यानात यावयास काही काळ जावा लागला, कारण रक्तदाबाची गोळी आणि मनाची उदासी यांचा संबंध कोणाच्या कल्पनेत नव्हता. मज्जातंतूंच्या टोकांशी साठविलेली संदेशवाहक द्रव्ये हे औषध रिती करते, हे कळले तेव्हा त्या अनुभवातून नैराश्याच्या आधुनिक अभ्यासालाही एक दिशा मिळाली. मात्रा कमी करण्यात आल्या, पुढे अधिक सोसवणारी औषधे आली, आणि रेसर्पिन मागे पडले. ‘झाडपाल्याला दुष्परिणाम नसतात’ असे जे आज ठामपणे सांगितले जाते, त्याला याहून स्वच्छ उत्तर मला सापडत नाही. जी मुळी खरोखर गुणकारी ठरली तिला वजावटही होती; आणि सर्पगंधायुक्त वट्या आजही मिळत असल्यामुळे, डॉक्टरांची गोळी चालू असताना त्यांना न सांगता त्या घेणाऱ्याने नाडी मंदावण्याचा व दाब एकाएकी उतरण्याचा धोका स्वतःहून पत्करलेला असतो.

आता आजच्या औषधांकडे वळू. आमच्या दुकानदाराची ती पाय सुजविणारी गोळी बहुधा अॅम्लोडिपिन होती. ती अतिशय उपयुक्त, स्वस्त व दीर्घकाळ टिकणारी गोळी आहे. परंतु ती रोहिण्यांची बारीक टोके सैलावते, शिरा तितक्या सैलावत नाहीत, आणि त्यामुळे केशवाहिन्यांतील द्रव घोट्याच्या ऊतींत झिरपतो. ही सूज मूत्रपिंड बिघडल्याची खूण नव्हे. पाच मिलिग्रॅमपेक्षा दहाच्या मात्रेत ती अधिक दिसते, स्त्रियांत अधिक दिसते, आणि मात्रा कमी केल्याने किंवा टेल्मिसार्टनसारख्या औषधाची जोड दिल्याने पुष्कळदा उतरते. कारण हे असल्यामुळे लघवी वाढविणाऱ्या गोळीने ती फारशी हटत नाही. तरीही सूज दिसली की ती गोळी लिहून देण्याचा मोह होतो, मग पोटॅशियम घटते, पायांत गोळे येतात, आणि त्यासाठी तिसरे औषध येते. दुष्परिणामाला नवा रोग समजून त्यावर औषध देण्याची ही साखळी जितक्या लौकर ओळखली जाईल तितके बरे, आणि ती ओळखण्याचे काम डॉक्टरांइतकेच रुग्णाचेही आहे. मात्र कोणत्या गोळीने काय होते हे त्याला ठाऊक असेल तरच.

खोकल्याची कथा याहून विलक्षण आहे. ब्राझीलमधील जराराका नावाच्या सर्पाच्या विषाच्या अभ्यासातून जो औषधांचा वर्ग निर्माण झाला, त्यात एनालाप्रिल व रामिप्रिल येतात. हृदयाला व मधुमेही मूत्रपिंडाला ती मोठा आधार देतात. पण काही जणांना त्यांनी घशात खवखव आणि कोरडा, चिवट, रात्री जागविणारा खोकला लागतो. तो पहिल्याच आठवड्यात सुरू होईल किंवा काही महिन्यांनी. गोळी बदलली की बहुधा काही आठवड्यांत थांबतो. हे न कळल्यामुळे माणूस छातीचे फोटो काढतो, खोकल्याच्या बाटल्या रिचवितो, आणि अखेर आजीच्या बटव्यातील ज्येष्ठमधाची काडी चघळू लागतो. ज्येष्ठमध नित्य व अधिक प्रमाणात पोटात गेले तर शरीरात क्षार व पाणी धरून ठेवते, पोटॅशियम घटविते आणि रक्तदाबच वाढविते! नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या कित्येक गोळ्याही दाब चढवितात. एवढा सगळा खटाटोप एका वाक्याने टळला असता: ‘या गोळीने कोरडा खोकला आला तर या, आपण बदलून देऊ.’

टेल्मिसार्टन, लोसार्टन यांच्या वर्गात खोकला विरळा. पण त्यांत, आणि आधीच्या वर्गातही, रक्तातील पोटॅशियम वाढू शकते, म्हणून सुरू केल्यावर काही आठवड्यांनी मूत्रपिंडाचे काम दाखविणारे क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावे लागते. ‘लो सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. ज्याचे मूत्रपिंड आधीच अशक्त आहे त्याने ही गोळी चालू असता ते मीठ परस्पर सुरू करू नये. गर्भारपणात हे दोन्ही वर्ग निषिद्ध आहेत, कारण गर्भाच्या मूत्रपिंडाला इजा होते. मूल होण्याच्या वयातील स्त्रीला हे पहिल्याच भेटीत सांगितले नाही तर ती चूक अक्षम्य मानावी असे माझे स्पष्ट मत आहे, विशेषतः मिथाइलडोपासारखी गर्भारपणात चालणारी औषधे उपलब्ध असताना. क्लोर्थालिडोनसारख्या मूत्रल गोळ्यांनी सोडियम व पोटॅशियम उतरते, यूरिक आम्ल वाढून अंगठ्याचा सांधा धरतो, रक्तशर्करा किंचित चढते. त्या सकाळी घेतल्या तर निदान रात्रीची झोपमोड टळते. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांनी नाडी मंदावते, थकवा येतो, दमेकऱ्याचा श्वास कोंडू शकतो. आणि त्या एकाएकी बंद केल्यास हृदयशूळ उफाळतो. काही औषधांनी पुरुषांच्या कामजीवनात उणेपण येते. या विषयावर आपल्याकडे डॉक्टर विचारीत नाहीत आणि रुग्ण बोलत नाही, व गोळी मात्र मुकाट्याने कचऱ्यात जाते. वास्तविक औषध बदलून यावर मार्ग निघू शकतो, आणि अनेकदा हा त्रास औषधापेक्षा मूळ विकाराचा, मधुमेहाचा वा तंबाखूचा असतो.

दोन आरोप मात्र साफ खोटे आहेत, आणि तेच सर्वांत जास्त ऐकू येतात. ‘गोळीची सवय लागते, मग ती सुटत नाही’ हा पहिला. गोळी आयुष्यभर घ्यावी लागते ती विकार आयुष्यभर राहतो म्हणून. वजन उतरले, मीठ घटले, चालणे वाढले, तर डॉक्टर स्वतःच मात्रा कमी करतात. ‘या गोळ्यांनी किडनी जाते’ हा दुसरा. मूत्रपिंड जाते ते अनियंत्रित दाबाने. टेल्मिसार्टनच्या वर्गाने क्रिएटिनिन आरंभी थोडे चढले तरी दीर्घकाळात मूत्रपिंडाचे रक्षणच होते. खरा अपराधी पुष्कळदा गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेली डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी असते. ती रक्तदाब वाढविते, आणि सार्टन व मूत्रल औषधांच्या जोडीला आली, त्यात जुलाब-उलट्यांनी अंगातील पाणी आटले, तर मूत्रपिंडावर मोठे संकट आणते. आमच्या पेठेत जो उठतो तो औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी मागतो आणि ती त्याला मिळते, हे चित्र पाहून मन खिन्न होते.

मोजणीच चुकली तर उपचारही चुकतो, हेही येथे सांगितले पाहिजे. जिना चढून आलेल्या, नुकताच चहा घेतलेल्या, तोंडात तंबाखूचा बार असलेल्या माणसाच्या दंडाला घाईघाईने पट्टा बांधून जो आकडा निघतो तो त्याचा रक्तदाब नव्हे. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, दंड हृदयाच्या पातळीवर धरून, न बोलता दोनदा मोजावे. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, आणि लघवी तुंबलेली नको. तालमीत कमावलेल्या जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच चढा येतो, ही गोष्ट कोल्हापुरात तरी विसरू नये. वृद्धांचा दाब उभे करूनही पाहावा; बसताना ठीक आणि उभे राहताच पंचवीसने खाली, असे असेल तर औषध वाढविणे म्हणजे त्यांचे खुब्याचे हाड मोडण्याची तजवीज करणे होय. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्प्रिंट’ या अमेरिकी चाचणीत नऊ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला. वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणल्याने हृदयविकाराच्या घटना व मृत्यू कमी झाले, पण भोवळ, क्षारांचा बिघाड आणि मूत्रपिंडाचे तात्कालिक आघातही वाढले. दोन्ही गोष्टी एकाच अहवालात प्रामाणिकपणे छापलेल्या आहेत.

मिठाविषयी फार लिहीत नाही, कारण ते सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी पाळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा घातली आहे. खर्डा, लोणचे, पापड, मिसळीवरची शेव-फरसाण यांच्या या नगरीत ती कशी ओलांडली जाते हे सांगावयास नको. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, एवढी आठवण पुरे. औषधात खंड पडू न देण्याची बाब मात्र अधिक विचार मागते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने शहराला वेढा घातला, महामार्ग बंद पडला, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीपर्यंत पाणी आले. अशा दिवसांत रोजच्या गोळीचे पाकीट घरात आहे की नाही, ही चैनीची नव्हे तर जीविताची बाब असते. पावसाळ्यापूर्वी आठ-पंधरा दिवसांचा साठा आणि औषधांच्या नावांचा कागद कोरड्या पिशवीत ठेवणे पूररेषेतील प्रत्येक घराला शक्य आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने आरंभी महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे घेतले, आणि ठराविक थोडी औषधे, त्यांचा अखंड पुरवठा व रुग्णांचा नियमित मागोवा या साध्या सूत्रांनी सरकारी दवाखान्यांतही दाब आटोक्यात ठेवता येतो हे दाखवून दिले. सातारा व सिंधुदुर्ग आमच्या शेजारचे. या सूत्रांत एका कागदाची भर घालावी अशी माझी कोल्हापूर महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे, सी. पी. आर. रुग्णालयाकडे आणि शहरातील औषधविक्रेत्यांकडे अर्जवजा विनंती आहे. गोळीच्या पाकिटावरचा मजकूर बारीक इंग्रजीत असतो आणि पट्टी कापून दिली की तोही अर्धवट उरतो. त्याऐवजी प्रत्येक औषधाची मोठ्या टाइपातील मराठी चिठ्ठी द्यावी. तीत चार गोष्टी असाव्यात: काय त्रास होऊ शकतो, त्यांपैकी कोणता निरुपद्रवी आणि ओठ-जीभ सुजण्यासारखा कोणता तातडीचा, कोणती रक्ततपासणी केव्हा, आणि गोळी स्वतः बंद न करता कोणाकडे यावयाचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आशा सेविकेने ती वाचून दाखवावी, आणि पुढच्या भेटीत ‘गोळी घेता ना?’ असे न विचारता ‘गोळीने काय त्रास होतो?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला आमच्याकडे होकाराखेरीज दुसरे उत्तर देण्याची रीत नाही.